फुलदाणी जपानची, पणती दादरची

गेल्या दिवाळीच्या तोंडावर दादरला एका स्नेह्यांकडे गेलो होतो. दिवाणखान्यात शिरताच कपाटावरची नवी फुलदाणी दिसली. तपकिरी रंग, एका अंगाला किंचित कललेली, तोंडाची कड वरखाली आणि खांद्यावर राखाडी ठिपके. "मास्तर, बिझेनची आहे, खास जपानहून आणली," स्नेही म्हणाले. "हाताने घडवलेली बरं का! हे कलणं पाहा, हे डाग पाहा. जसा निसर्ग, तशी ही." किंमत सांगताना मात्र त्यांनी आवाज उतरवला. मी "वा!" म्हटले आणि चहा घेतला.

संध्याकाळी आम्ही दोघे रानडे रोडला पणत्या घ्यायला गेलो. पदपथावर गोणपाट अंथरून एक बाई बसली होती. स्नेह्यांनी डझनाचा भाव पाडून घेतला, मग एकेक पणती उजेडात धरून पाहिली आणि एक परत टाकली. "मावशी, ही वाकडी आहे. बदलून दे."

"दादा, हातची हाय ती," बाई म्हणाली. "वाईच वाकडी असायचीच."

"म्हणून काय आम्ही वाकडी न्यायची?"

पणती बदलून मिळाली. मी शेजारी उभा होतो, आणि गप्प होतो. त्या गप्प बसण्याची टोचणी वर्षभर गेली नाही, म्हणून हे लिहीत आहे.

माझे भांडण त्या फुलदाणीशी नाही. बिझेनची भांडी झिलई न देता भाजतात. पाइनच्या लाकडाची आग दहा-दहा दिवस, कधी त्याहूनही अधिक, धगधगत ठेवावी लागते. लाकडाची राख उडून भांड्याच्या खांद्यावर बसते, वितळते आणि तिळासारखे ठिपके उठतात. जपानी भाषेतही त्यांना तिळाचेच नाव आहे. भांड्याभोवती भाताचा पेंढा गुंडाळला तर लाल पट्टे उमटतात. फुलदाणीतला निसर्ग म्हणतात तो हा : माती, लाकूड, पेंढा आणि आग. पण हाच निसर्ग आपल्या धारावीच्या कुंभारवाड्यातही आहे. तिथल्या माठावरही आगीचा काळा ओघळ उमटतो. एका डागाला आपण सौंदर्य म्हणतो आणि दुसऱ्या डागापायी दहा रुपये कमी करून मागतो. हा न्याय कुठला?

यावर आमच्या स्नेह्यांचे उत्तर तयार होते. "अहो, तो कलावंत. एकेक वस्तू घडवतो. हा कारागीर, दिवसाला शेकडो मडकी काढतो."

हे उत्तर खोडायला जपानच पुरेसा आहे. क्योटोच्या दायतोकुजी मठाच्या आवारात 'किझाएमोन' नावाचा चहाचा एक वाडगा आहे. जपान त्याला राष्ट्रीय ठेवा मानतो. गंमत अशी, की तो जपानचा नव्हेच. कोरियातल्या कुणा निनावी कुंभाराने रोजच्या वापरासाठी ओढलेला तो स्वस्तातला वाडगा. सोएत्सू यानागी या विचारवंताने 1931 साली तो हातात घेऊन पाहिला आणि त्यावर लिहिले. त्याचे सांगणे थोडक्यात असे : ज्या हाताने तेच भांडे हजारदा केले आहे, त्या हाताला मिरवायची आठवण राहत नाही, आणि सौंदर्य येते ते तिथूनच. दिवसाला शेकडो मडकी काढणे हा ज्यांना कुंभाराचा दोष वाटतो, त्यांनी आपल्या कपाटावरच्या फुलदाणीची कुळकथा तरी वाचावी.

मात्र यावरून कुणी 'जपानी माणूस जन्मजात रसिक आणि आम्ही जन्मजात करंटे' असा सूर लावील, तर तोही मला मान्य नाही. 1592 ते 1598 या काळात हिदेयोशीने कोरियावर स्वाऱ्या केल्या, तेव्हा तिथले कुंभार जपानात पकडून नेले गेले, आणि क्यूशू बेटावरचा चिनी मातीचा नामांकित धंदा त्यांच्याच हातांवर उभा राहिला. पुढे यंत्राच्या मालापुढे जपानातलेही हातकाम मागे पडू लागले होते. तेव्हा यानागी आणि त्याचे कुंभार मित्र हामादा व कावाई यांनी 1925 साली 'मिंगेइ', म्हणजे लोकांची कला, हा शब्द घडवला. 1936 साली टोकियोत तिचे संग्रहालय उभे केले. 1950 साली सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा झाला, आणि 1955 साली हामादाला, 1956 साली बिझेनच्या तोयो कानेशिगेला देशाने 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणून गौरवले. कुंभाराचा हा मान लोकांनी लिहून, झगडून, कायदा करून मिळवला. आपण फुलदाणी तेवढी आणली, हा खटाटोप तिथेच ठेवून आलो.

आणि आपल्या मुंबईला हा विषय नवा आहे थोडाच? फोर्टातल्या वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी जमवलेल्या चिनी-जपानी वस्तू कित्येक पिढ्या पाहत आल्या आहेत. जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरीने 1870च्या दशकात कुंभारकामाची शाखा काढली. अजिंठ्याच्या चित्रांवरून नक्षी घेतलेली त्या घराण्याची भांडी भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात काचेआड आहेत. टेरीचे नाव राहिले. चाकावर बसणाऱ्याचे नाव कुणी विचारीत नाही. गिरगावाच्या अंगाला कुंभारवाडा हे नावही राहिले आहे, पण चाकाचा आवाज ऐकायचा तर धारावी गाठावी लागते.

मी मॅट्रिकपुढे न शिकलेला एक शाळामास्तर. मला कलेचे शास्त्र कळत नाही, पण मुलांचे चेहरे कळतात. धारावीतला एक मुलगा माझ्या वर्गात होता. वडील काय करतात, असे विचारले की 'बिझनेस' म्हणे. एकदा वस्तुचित्राच्या तासाला टेबलावर माठ मांडला होता. सगळा वर्ग खोडरबर झिजवीत बसला. या मुलाने माठाच्या पोटाची रेघ एका दमात ओढली. "कुठे शिकलास रे?" मी विचारले. "सर, घरी रोज बघतो," तो म्हणाला, आणि जीभ चावून त्याने मान खाली घातली. ती मान कुणी खाली घालायला लावली? पणती उजेडात धरून पाहणाऱ्या आपणच.

धारावीचा कायापालट करण्याची योजना सरकारने 2004 सालीच मंजूर केली. अलीकडे तिला पुन्हा जोर चढला आहे. कुंभाराला चांगले घर मिळालेच पाहिजे. पण सातव्या मजल्यावर भट्टी पेटत नाही, आणि लिफ्टच्या दाराशी ओली मडकी वाळत नाहीत. भट्टीच्या धुराची तक्रार खरी आहे. तो धूर आधी कुंभाराच्याच बायकामुलांच्या छातीत जातो. मग कमी धुराची भट्टी द्या, माती कालवायला आणि माल वाळवायला मोकळी जागा द्या. हे मागण्यासाठी जपानी रसिकतेची गरज नाही, माणुसकी पुरे आहे.

तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची डोकी तपासली आणि साक्षात नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही कथा आपण कौतुकाने सांगतो. गोरोबा आज दादरच्या दिवाणखान्यांतून हिंडले, तर किती मडकी पक्की निघतील? माझे तर कच्चेच निघेल. त्या दिवशी मी गप्प होतो.

यंदा त्याच बाईकडे जाणार आहे. सांगेल तो भाव देईन, आणि वाकडी पणती मागून घेईन.