हंगामापूर्वीची आशा

संस्कृत व्याकरणाने क्रियापदास दहा लकार दिले. क्रिकेटच्या अभिमान्यास त्यांपैकी तीन पुरतात. हंगाम सुरू होण्यापूर्वी तो आशीर्लिङात बोलतो : ‘आमचा संघ विजयी होवो.’ हंगाम चालू असता लट् हा वर्तमानकाळ त्याच्या जिभेवर खेळतो. आणि हंगाम संपला म्हणजे तो लृङाकडे वळतो : ‘तो झेल घेतला असता, तर सामना जिंकला असता.’ महाराष्ट्राच्या रणजी संघाच्या अभिमान्यांचा या तिसऱ्या लकाराचा अभ्यास इतका दांडगा आहे, की त्यांस त्याची निराळी शिकवणी नको. अलीकडे आश्विनाच्या सुमारास रणजीचे पडघम वाजू लागतात. तेव्हा यंदा नुसत्या आशीर्वादावर न थांबता, आम्ही या संघाकडून नेमके काय मागावे, याचा थोडा विचार करू.

प्रथम घरातील मंडळींसाठी एक खुलासा. आपल्या राज्यात रणजीचे संघ तीन : मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. मुंबईने २०२३-२४चे धरून बेचाळीस वेळा करंडक जिंकला आहे. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ व २०२४-२५ असा तीनदा. उरलेल्या मुलखाचा, म्हणजे पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर आणि आमचा मराठवाडा यांचा मिळून जो संघ होतो, तो महाराष्ट्र. त्याच्या पदरी दोन विजय आहेत, १९३९-४० आणि १९४०-४१. त्यास आता आठ दशकांहून अधिक काळ लोटला.

त्या दोन्ही विजयांचे सेनापती प्रा. दि. ब. देवधर होते. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृत शिकवीत, ही गोष्ट आमच्यासारख्या संस्कृताच्या विद्यार्थ्यास किती सुखावते, हे सांगणे नलगे. १९४०-४१च्या हंगामात वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या. पुढे बावन्नाव्या वर्षी, १९४४त, नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत त्यांनी शतके झळकविली. सकाळी शब्दरूपे आणि सायंकाळी धावा, असा हा योग पुन्हा जुळून येणे कठीण. परंतु एक गोष्ट आम्हा मराठवाड्याच्या लोकांनी ध्यानी घेतली पाहिजे. त्या विजयांच्या वेळी आम्ही निजामाच्या प्रजेत होतो. १९३७-३८त करंडक जिंकणारा हैदराबादचा संघच तेव्हा आमच्या सरकारचा. अर्थात मराठवाडा महाराष्ट्रात सामील झाल्यापासून ‘आपला संघ’ म्हणून ज्याची वाट आम्ही पाहतो, त्याने एकदाही करंडक घरी आणलेला नाही. पुणेकरांस निदान स्मरण तरी आहे. आमच्या वाट्यास निव्वळ आशाच आली.

निजामी राजवट १९४८च्या सप्टेंबरात संपली. त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यास भाऊसाहेब निंबाळकर यांनी काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२चा विक्रम अवघ्या नऊ धावांवर होता आणि महाराष्ट्राची धावसंख्या चार बाद ८२६ झाली होती. तोच काठेवाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला व संघ मैदानाबाहेर गेला. नऊ धावा कायमच्या राहून गेल्या. याच हंगामात, १९४९च्या मार्चमध्ये, पुण्यासच मुंबईशी उपांत्य सामना झाला. महाराष्ट्राने ४०७ व ६०४ अशा एक हजार अकरा धावा जमविल्या आणि तरीही सामना गमावला. कारण मुंबईने ६५१ व आठ बाद ७१४ केल्या होत्या. एका सामन्यात २३७६ धावा! हजार धावा करूनही हरावे लागते, याहून बोलका धडा कोणता?

आमच्या मते या संघाच्या पुढील इतिहासाचे सूत्र त्याच सामन्यात सापडते. फलंदाज महाराष्ट्रास कधी कमी पडले नाहीत. प्रतिपक्षाचे वीस गडी बाद करणारे हात कमी पडले. त्यानंतर संघ तीनदा अंतिम फेरीस गेला. १९७०-७१त मुंबईकडून ४८ धावांनी, १९९२-९३त पंजाबकडून १२० धावांनी आणि २०१३-१४त कर्नाटकाकडून सात गड्यांनी तो हरला. यांपैकी शेवटची खेप आमच्या अधिक जवळची. त्या हंगामात केदार जाधव याने १२२३ धावा काढल्या. उपान्त्यपूर्व सामन्यात वानखेडेवर खुद्द मुंबईस आठ गड्यांनी नमविले, तेव्हा चौथ्या डावात त्याचे नाबाद शतक आणि जालन्याच्या विजय झोल याच्या नाबाद ९१ धावा कामी आल्या. पण हैदराबादच्या अंतिम सामन्यात आमच्या ३०५ धावांस कर्नाटकाने ५१५ धावांनी उत्तर दिले. दुसऱ्या डावात आम्ही ३६६ केल्या, परंतु २१० धावांचे ओझे मानेवरून उतरले नाही.

रणजीचा गुणांचा हिशेबही हेच सांगतो. चार दिवसांचा सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्यास तीन गुण आणि मागे पडलेल्यास एक. निर्णायक विजयास सहा. एका डावाने अथवा दहा गड्यांनी जिंकल्यास सात. म्हणजे जो संघ नुसत्या धावा रचून बसतो, तो तीन गुणांचा धनी होतो. जो वीस गडी बाद करतो, तो सहांचा. आठ संघांच्या गटातून वरचे दोनच पुढे जातात. तीनतीन गुणांच्या ठेवीवर तेथपर्यंत पोहोचणे दुष्कर.

शेजारच्या विदर्भाने हे ओळखले. १९५७-५८पासून रणजी खेळणाऱ्या या संघास अनेक वर्षे कोणी फारसे मोजीत नसे. २०१७-१८त रजनीश गुरबानी या वेगवान गोलंदाजाने सहा सामन्यांत ३९ गडी टिपले. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध लागोपाठ तिघांना बाद केले आणि करंडक नागपुरास गेला. ज्या काठेवाडने १९४८त मैदान सोडले, त्याचाच वारस सौराष्ट्र हा संघ २०१९-२० व २०२२-२३त विजेता झाला. तेव्हा दैवास दोष देण्याची सोय आम्हास उरलेली नाही.

आता एक आक्षेप आमच्या कानी नेहमी येतो. बाहेरचे खेळाडू आणून मिळविलेला विजय आपला कसा म्हणावयाचा? तोच गुरबानी पुढे महाराष्ट्राकडे आला. २०२५-२६च्या हंगामासाठी मुंबईहून पृथ्वी शॉ व केरळकडून खेळणारा जलज सक्सेना हेही आले. आमचे उत्तर असे, की सोवळ्याचा हा विचार या खेळात पूर्वीही नव्हता. सांगलीचे विजय हजारे यांनी १९३९-४०त महाराष्ट्रातर्फे बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. पुढे तेच बडोद्यास गेले आणि १९४६-४७च्या अंतिम सामन्यात बडोद्यासाठी २८८ धावा काढून त्यांनी करंडक मिळवून दिला. निंबाळकर बडोदे, होळकर, रेल्वे असे अनेकांकडून खेळले. बीडचा संजय बांगर रेल्वेस मोठा करून गेला. आपली माणसे बाहेर नांदली, तर बाहेरची येथे नांदली म्हणून बिघडले कोठे? चांगल्या घरात सून परकी राहत नाही. अट एकच : आलेल्याने घरातील धाकट्यांस चार गोष्टी शिकवाव्यात, त्यांची जागा मात्र अडवू नये.

आणि येथेच आमच्या मराठवाड्याची मागणी येते. आम्ही राहतो ते करमाड छत्रपती संभाजीनगर ते जालना या रस्त्यावर आहे. एका बाजूस जालना, जेथून झोल आला. २०११त एकोणीस वर्षांखालील मुलांच्या स्पर्धेत आसामविरुद्ध त्याने नाबाद ४५१ धावा केल्या होत्या. जिल्ह्यातीलच पैठणचा अंकित बावणे कोवळ्या वयापासून महाराष्ट्रासाठी खेळत आला. त्याने हजारो धावा केल्या, संघाचे नेतृत्वही केले. भारतीय संघाचे दार मात्र त्यास उघडले नाही. परंतु आमचे डोळे गोलंदाजांकडे आहेत. संभाजीनगरचा इक्बाल सिद्दिकी २००१त मोहालीस इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळला. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२च्या एकोणीस वर्षांखालील विश्वविजेत्या भारतीय संघात होता. दोघेही वेगवान गोलंदाज. या कोरड्या, खडकाळ मुलखात वेगाने धावणाऱ्या पायांची वाण नाही, हे यावरून दिसते. वाण आहे ती साधनांची. आमच्याकडील गावांत मुले टेनिसच्या चेंडूने, कापणी झालेल्या शेतात खेळतात. शिवणीचा कातडी चेंडू हातात येईपर्यंत बरेचदा मिसरूड फुटलेले असते आणि तोवर सवयी मुरलेल्या असतात. ज्या संघास आठ दशके गोलंदाज कमी पडत आहेत, त्याने ते कोठे शोधावेत, याचे उत्तर शोधण्यास पुण्यात बसून चालणार नाही.

घरातील मुलांविषयी एक शब्द. २०२४त चेन्नईच्या संघाचे नेतृत्व हाती आल्यापासून ऋतुराज गायकवाड घरोघरी ठाऊक झाला. लिलावात कोणास किती कोटी मिळाले, हे आमचे नातवंडांएवढे विद्यार्थी पाढ्यांप्रमाणे म्हणून दाखवितात. त्यात आम्हास राग नाही. ज्याच्या अंगी विद्या आहे, त्यास दक्षिणा मिळावी. परंतु त्याच मुलांस महाराष्ट्राच्या अकरांपैकी चार नावे सांगता येत नाहीत, याचे मात्र वाईट वाटते. लिलावातील संघाचा खेळाडू पुढल्या वर्षी दुसऱ्या रंगात दिसतो. रणजीच्या संघाशी आपले नाते जन्मगावाचे असते. रणजीचा सामना पाहण्यास बहुधा पैसाही पडत नाही. दिवाळीच्या सुटीत पुण्यास किंवा नाशकास जाणे झाले आणि सामना असला, तर मुलांस एक दिवस अवश्य न्यावे. सकाळी नव्या चेंडूने चकणारा फलंदाज दुपारी कसा स्थिरावतो आणि थकलेला गोलंदाज तिसऱ्या प्रहरी पुन्हा उभा कसा राहतो, हे अन्यत्र पाहावयास मिळत नाही.

तेव्हा यंदा महाराष्ट्राच्या संघाकडे आम्ही करंडक मागत नाही. एका सामन्यात वीस गडी बाद करतील असे चार गोलंदाज, त्यांपैकी निदान एक आमच्या मराठवाड्याच्या मातीतला, आणि तीन गुणांवर समाधान न मानणारा कर्णधार, एवढेच आमचे मागणे आहे. हे मिळाले, तर करंडक आपल्या पायांनी चालत येईल. न मिळाले, तर फाल्गुनात पुन्हा लृङाची उजळणी करू. तूर्त मात्र आशीर्लिङ् : विजयी होवो!