पावतीवर नुसतं ‘मोती’ नको

नथ घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक सोन्यावरचा हॉलमार्क भिंगातून बघतं; मोत्यांबाबत मात्र सराफाच्या शब्दावर भागवतं.

घरगुती परीक्षा सोपी आहे. दाताच्या कडेवर अलगद घासलेला खरा मोती किंचित खरखरतो, काचेचा किंवा प्लास्टिकचा बहुधा गुळगुळीत सरकतो. त्याहून बोलकं असतं ते भोक. नकली मोत्यावरच्या चकाकत्या लेपाचे पोपडे आधी तिथेच सुटतात आणि आतला मणी डोकावतो. स्वस्तातल्या चिंचपेटीतले सगळे मोती हुबेहूब सारखे दिसले, तरी शंका घ्यावी.

पण दाताची साक्ष इथेच संपते. जपानमध्ये मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये शिंपल्यात अर्धगोल मोती पिकवला. असा संवर्धित मोतीही खराच, आणि तोही खरखरतो. हैदराबादच्या बाजारात चीनच्या गोड्या पाण्यातले असे मोती भरपूर विकले जातात. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते त्यांना ‘बसरा’ म्हणून आखातातल्या नैसर्गिक मोत्यांचा भाव लावणं. हा फरक खात्रीने कळायला प्रयोगशाळेतली क्ष-किरण तपासणीच लागते.

तेव्हा नैसर्गिक, संवर्धित की नकली, हे सराफानेच पावतीवर लिहून द्यावं. महागड्या ‘बसरा’सोबत प्रयोगशाळेचा दाखलाही मागावा. त्यावर कां कूं करणाऱ्या दुकानात नथ फक्त घालून बघावी.