पुन्हा पहिला अंक

चांदूर रेल्वेहून कौंडिण्यपूर काही फार लांब नाही. वर्धेच्या काठचे हे गाव रुक्मिणीचे माहेर, अशी आम्हा वऱ्हाडकरांची श्रद्धा आहे. तिच्या स्वयंवराची कथा महानुभाव कवी नरेंद्राने सांगितली, पुढे एकनाथांनी सांगितली, आणि कीर्तनकार ती अद्याप सांगतच आहेत. प्रत्येकाने आपल्या परीने ती नवी केली. परंतु 'पूर्वीच्या कवींची रुक्मिणी झालीच नाही असे श्रोत्यांनी समजावे', अशी सूचना नाथांनी दिल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. हे धाडस अमेरिकेतील चित्रकथांच्या व्यापाऱ्यांनी केले, आणि गेल्या चाळीस वर्षांत त्याचा रीतसर धंदा करून टाकला.

'ॲक्शन कॉमिक्स' हे मासिक १९३८ साली सुपरमॅनला घेऊन निघाले. २०११ साली ते ९०४ व्या अंकापर्यंत पोचले असता डीसी या प्रकाशनसंस्थेने आपल्या ५२ मालिका एकदम 'अंक १' पासून सुरू केल्या. जुनी नाती, जुनी वैरे यांतील पुष्कळशी रद्दबातल झाली; सुपरमॅन आणि लोइस यांचा १९९६ साली लागलेला विवाहही न लागलेला ठरला! पुढे २०१६ साली संस्थेस जुना क्रमांक आठवला आणि तेच मासिक ९५७ व्या अंकापासून चालू झाले. हजारावा अंक दृष्टिपथात आला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या स्मरणशक्तीचे फारसे आश्चर्य वाटत नाही. तो २०१८ साली वाजतगाजत निघालाच. मार्व्हलचे वर्तन याहून निराळे आहे असे मानण्याचे कारण नाही.

या प्रकाराचे कैवारी म्हणतात की, नव्या वाचकास आत येण्यास दार हवे. दार हवे हे आम्हास मान्य आहे. पण त्यासाठी घर पाडावे लागते काय? ज्या घरांतून इंद्रजाल कॉमिक्स मराठीत वाचले गेले, त्यांना वेताळ आठवत असेल. १९६४ पासून १९९० पर्यंत ही मालिका चालली. कवटीवर घेतलेल्या शपथेची हकीकत आरंभी चार ओळींत सांगितली की उशिरा आलेला मुलगाही कथेत शिरे. ली फॉकने १९३६ साली निर्मिलेला हा नायक जगास अमर भासतो, आणि त्याचे वीस पूर्वज मात्र कवटीच्या गुहेत चिरनिद्रा घेत आहेत. बाप खरोखर मेला म्हणूनच मुलाच्या शपथेस मोल आले.

उलट, १९९२ च्या नोव्हेंबरात सुपरमॅन मारला गेला. शोकचिन्हासह अंक विकले गेले, लोकांनी प्रतींचा साठा केला, आणि वर्ष सरते न सरते तोच नायक हिंडूफिरू लागला. मृत्यूची जाहिरात करून जमा केलेले अश्रू परत करण्याची सोय कोठेच नव्हती!

आता अनेक नायकांस एकत्र आणणाऱ्या महाकथांविषयी, ज्यांस तिकडे 'क्रॉसओव्हर' म्हणतात. भेट ही मुळात वाईट गोष्ट नव्हे. वनपर्वात भीमाची गाठ हनुमंताशी पडते. एका युगाचा वीर दुसऱ्या युगाच्या वीरास भेटतो, त्याला शेपूट उचलवत नाही, आणि त्याचा गर्व उतरतो. शिवाय हनुमंताने अर्जुनाच्या ध्वजावर बसण्याचे दिलेले वचन पुढे युद्धात पाळले जाते. आपल्या रंगभूमीवरही ८ जुलै १९२१ रोजी केशवराव भोसले आणि बालगंधर्व टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'मध्ये एकत्र उभे राहिले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केशवराव वारले. तो प्रयोग लोकांच्या आठवणीत राहिला, यात नवल ते काय?

मार्व्हलची १९८४ ची 'सीक्रेट वॉर्स' ही बारा अंकांची महाकथा मॅटेल कंपनीच्या खेळण्यांच्या सोयीने उभी राहिली. तेव्हापासून वर्षास एक महायुद्ध हा जणू नियमच झाला. मूळ कथा एका मालिकेत, तिचे धागे दहा मालिकांत, आणि जो मुलगा एकाच नायकावर जीव लावून बसला आहे, त्याची कथा मध्येच तोडून त्यास परक्याच्या भांडणात ओढावयाचे. यामागचा हिशेब साधा आहे. हे अंक मुख्यतः खास दुकानांतून विकले जातात. दुकानदार माल आगाऊ मागवतो आणि न खपलेला बहुधा परत जात नाही. पहिल्या अंकास मागणी अधिक, निरनिराळ्या मुखपृष्ठांनी ती आणखी वाढते. त्यानंतर खप घसरला की पुन्हा पहिला अंक. याच हव्यासाचा फुगा फुटल्यावर १९९६ च्या अखेरीस मार्व्हलला दिवाळखोरीचा आश्रय घ्यावा लागला होता. त्यातून धडा घेतला गेला असे दिसत नाही.

हा परमुलखातील धंदा आहे, आपणास त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण हेच नायक चित्रपटांतून आपल्या घरांत आले आहेत, आणि त्यामागोमाग मुले पुस्तके मागतात. दहा वर्षांचा मुलगा कथेतले सारे खरे मानून वाचतो. कोण कोणाचा मित्र, कोण कोणासाठी मेला, हे त्यास पाठ असते. ते पाठांतर निरर्थक ठरले, असे त्यास पुढल्या वर्षी कोणत्या तोंडाने सांगावे?

न्यायाने बोलावयाचे तर एक अपवाद नमूद केला पाहिजे. डीसीच्या १९८५ च्या 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' या महाकथेत फ्लॅश, म्हणजे बॅरी ॲलन, जग वाचविताना मेला. त्याचा पोशाख त्याच्या शिष्याने अंगावर घेतला, आणि वीस वर्षांहून अधिक काळ तो शिष्य गुरूच्या नावास जपत मोठा झाला. ते मरण वाचकांनी खरे मानले होते. २००८ साली बॅरी ॲलनही परत आला.