माले सोपं होतं, जाफना नव्हतं

शेजारच्या देशात बंडाळी पेटली की आपल्याकडे टीव्हीवर ठरलेला सल्ला सुरू होतो. दोन-चार पलटणी पाठवा, बंडखोरांचं कंबरडं मोडा, महिन्याभरात परत या. अशा मंडळींना मी स्वतःहून ३ नोव्हेंबर १९८८ची आठवण करून देतो, कारण त्यांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे. त्या दिवशी मालदीवचे राष्ट्राध्यक्ष गयूम यांना उलथवायला भाडोत्री बंदूकधारी मालेत घुसले. रात्री आग्र्याहून निघालेले आपले छत्रीधारी हुलुले विमानतळावर उतरले. बंडवाले जहाजातून पळाले, तर नौदलाने त्यांना समुद्रातच गाठलं. आपले बहुतेक जवान लवकरच घरी परतले. झकास काम झालं, त्यात वाद नाही.

पण त्याच वेळी श्रीलंकेत आपल्याच देशाची, त्याच लष्कराची फौज अडकून पडली होती. मी सिग्नल्समध्ये होतो, जाफन्याजवळ पलालीला. जाफन्याच्या त्या गल्ल्या अजून डोळ्यांसमोर येतात. दोन्ही बाजूंना ताडाच्या झावळ्यांची उंच कुंपणं, कुंपणापलीकडे घर, घरामागे विहीर, आणि रस्त्यात सुरुंग कुठे पुरलाय ते गावातल्या पोरालाही माहीत. आम्हाला मात्र नाही. समोरून सायकलवर येणारा पोरगा दूध घालायला निघालाय की आमची गाडी निघाल्याची खबर द्यायला, हे कसं ओळखायचं?

आम्ही गेलो ते लढायला नव्हे. २९ जुलै १९८७ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला, वाघांनी, म्हणजे एलटीटीईच्या तमिळ बंडखोरांनी, शस्त्रं खाली ठेवायची आणि आम्ही शांतता राखायची असं ठरलं. सुरुवातीला लोकांनी हार घातले. ऑक्टोबरात पलालीलाच लंकेच्या ताब्यातल्या बारा वाघांनी सायनाईड खाऊन जीव दिला आणि त्याच आठवड्यात युद्ध पेटलं. ११ तारखेच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरवलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या तीस जणांपैकी एकच जिवंत राहिला, तोही कैदी म्हणून. पुढे नोव्हेंबरात महार रेजिमेंटचे मेजर परमेश्वरन छाप्यात पडले. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं त्यांना.

तरी जाफना शहर महिन्याभरात आपल्या हाती आलं. टीव्हीवरचे तज्ज्ञ इथेच टाळ्या वाजवतात. आमचा खरा त्रास मात्र तिथून सुरू झाला. वाघ वन्नीच्या रानात गेले, आम्ही मागे गेलो. एका डिव्हिजनने सुरू झालेलं काम वाढत वाढत सत्तर हजारांच्या पुढे गेलं. जयवर्धने यांच्या जागी प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले आणि आम्हाला घालवण्यासाठी त्यांनी वाघांनाच शस्त्रं पुरवली. ज्या सरकारच्या करारासाठी आमची पोरं मरत होती, त्याच्याच भांडारातल्या बंदुका आमच्यावर! हजारावर माणसं गमावून २४ मार्च १९९०ला शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली.

दोन्ही ठिकाणी शौर्यात फरक नव्हता, तयारीतही फारसा नव्हता. फरक होता तो भोवतालच्या परिस्थितीत. मालेतल्या बंदूकधाऱ्यांना लपवायला कुणी शेजारी नव्हता. शिवाय गयूम यांचं सरकार जागेवर होतं, त्याच्या हाती चावी देऊन निघता आलं. जाफन्यात ज्यांच्या रक्षणाला गेलो, त्यांच्याच घरात वाघ जेवत होते, कारण ते त्यांचेच भाऊ, त्यांचेच लेक होते. काही जण म्हणतील, २००९ला लंकेच्या सैन्याने त्याच वाघांना संपवलंच की. संपवलं, पण स्वतःच्या भूमीवर, वर्षानुवर्षं सगळी ताकद ओतून, आणि हजारो सामान्य तमिळ माणसांच्या प्रेतांवरून. त्याला मर्यादित कारवाई म्हणायची कुणाची हिंमत आहे?

तेव्हा परदेशात फौज पाठवायचा ठराव आणणाऱ्याला जवान किती पाठवणार हे मी नंतर विचारीन. परत निघताना कारभार कुणाच्या हाती देणार, त्याचं नाव आधी सांगा. १९८७ साली आमच्याकडे ते नाव नव्हतं. १९८८च्या निवडणुकीनंतर वरदराज पेरुमल तिथल्या उत्तर-पूर्व प्रांताचे मुख्यमंत्री झाले, ते आमच्या पहाऱ्यावर. आम्ही गाशा गुंडाळला, त्याच महिन्यात तेही भारतात येऊन राहिले.