छत्तीस फोटो, पस्तीस दारं

जुन्या कॅमेऱ्याने फोटो काढणाऱ्या हौशी माणसाला 'फोटो छान आलाय हं' असं चुकूनही म्हणू नये. तो हिरमुसतो. त्याला हवा असलेला प्रश्न वेगळाच असतो : 'कॅमेरा कुठला?' हा प्रश्न आपल्या तोंडून निसटला रे निसटला, की त्याचा चेहरा फ्लॅश पडल्यासारखा उजळतो आणि पुढचा पाऊण तास आपण त्याचे होतो.

हा वर्ग अलीकडे फार वाढलाय. गळ्यात चामडी पट्ट्याला अडकवलेला किलोभर धातूचा ऐवज आणि डोळ्यांत माळ्यावर पणजोबांची तलवार सापडलेल्या पणतवाचा भाव. कॅमेरा कुणी चोर बाजारात घासाघीस करून मिळवलेला असतो, कुणी बोरा बझारमधल्या दुरुस्तीवाल्याकडून तेलपाणी करून घेतलेला. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. माणसाला नाद असावा. तक्रार सुरू होते ती ही मंडळी फोटो दाखवायला बसतात तेव्हा.

फोटोच्या आधी त्याची पत्रिका मांडली जाते. कॅमेरा याशिका मॅट 124 जी. फिल्म कृष्णधवल, आयएसओ 400, तीही मुदत संपून 9 वर्षं झालेली आणि तेवढी वर्षं फ्रिजमध्ये भेंडीशेजारी जपलेली. डेव्हलपर अमुक, मिनिटं तमुक, पाण्याचं तापमान इतकं. मुलाचे आजोबा मामलेदार, मामा इंजिनियर, आत्या दादरला स्वतःच्या जागेत, हे सगळं ऐकून घ्यावं आणि मग आतून मुलगा यावा तो जांभई देत, तशी आपली गत होते. कारण एवढ्या खानदानानंतर जो फोटो समोर येतो, तो एका बंद दाराचा असतो.

दुसरा फोटो : तेच दार, जरा जवळून. तिसरा : दारावरचं गंजकं कुलूप. चौथ्यात विविधता म्हणून इराण्याकडचा चहाचा ग्लास आणि पाचव्यात रिकामी खुर्ची. माणूस दिसलाच तर पाठमोरा, तोही छत्रीखाली. मला कधी कधी वाटतं, या कॅमेऱ्यांना माणसाच्या चेहऱ्याची ॲलर्जी असावी.

बरं, दार तरी नीट दिसावं की नाही? एका बाजूने प्रकाश झिरपून पांढरा पट्टा उठलेला असतो, मधोमध ओरखडा असतो आणि कुलपावर फोकस करायचा राहून तो शेजारच्या दुधाच्या पिशवीवर झालेला असतो. पूर्वी असा फोटो आला, तर लोक पावती घेऊन स्टुडिओवाल्याशी भांडायला जात. आता त्याला 'मूड' म्हणतात. याला आंतरराष्ट्रीय पाठिंबाही आहे. लेनिनग्राडच्या कारखान्यात 1984 पासून एलसी-ए नावाचा एक छोटा कॅमेरा निघू लागला. त्याच्या वेड्यावाकड्या फोटोंवर व्हिएन्नातले काही विद्यार्थी इतके खूश झाले, की 1992 साली त्यांनी चक्क संस्था काढली आणि दहा नियम केले. त्यांतला एक नियम असा, की विचार करू नका. नियम पाळण्यात आपली मंडळी कुठे मागे नाहीत.

पण हेच लोक दुसऱ्या श्वासाला म्हणतात, 'फिल्ममुळे विचार करायची सवय लागते. मोबाइलवर माणूस दोनशे फोटो उडवतो. इथे रोलमध्ये 36, म्हणून प्रत्येक फोटो मोलाचा.' मुद्दा अगदी खरा आहे. मी कॉमर्सचा माणूस, हिशेब केल्याशिवाय मला राहवत नाही. रंगीत रोल, त्याची धुलाई आणि स्कॅनिंग असं सगळं धरलं, तर एक फोटो आज 30-40 रुपयांच्या घरात जातो. आता एवढा मोलाचा फोटो, एवढा विचार करून, घ्यायचा तर कुणाचा घ्यायचा? आणि इथेच माझं यांच्याशी भांडण आहे. विचार करून करून शेवटी हे दारापाशीच येऊन थांबतात.

ज्या काळाचे हे कॅमेरे, तो काळ जरा आठवा. बडोद्याला तयार होणारा आगफा क्लिक थ्री घराघरांत होता. 120 नंबरच्या रोलवर फोटो फक्त 12. ऊन की ढग, एवढं ठरवायचं आणि खटका दाबायचा. गणपतीत घातलेला रोल दिवाळीपर्यंत पुरवत. पुढे नव्वदच्या दशकात कोडॅकचा केबी 10 आला, 36 फोटोंची चैन झाली. तरी रोल संपायला एक मुंज, एक सहल आणि एक बारसं लागायचंच. कॅमेरा पुष्कळदा शेजाऱ्यांचा असे. त्यामुळे फोटो काढायच्या आधी घरात मसलत व्हायची. नवी सून, तान्हं बाळ, गावाहून आलेली आत्या, आणि 'आता किती दिवस राहिलेत तिचे' असं हळूच म्हणत खुर्चीवर आणून बसवलेली आजी. दोन फोटो उरले, तर ते उद्या येणाऱ्या मामासाठी राखून ठेवत. दाराचा फोटो कुणी काढला नाही. दार फोटोत असायचं, नाही असं नाही, पण त्याच्यापुढे कुणीतरी उभं असायचं.

त्या फोटोंच्या पाठीवर काय लिहिलंय बघा. 'चि. बाळू, वय 8 महिने.' 'सौ. माई व वन्सं, महाबळेश्वर, 1974.' कॅमेऱ्याचं नाव एकावरही नाही. फिल्म महाग होती, म्हणून निवड करावी लागे. आणि निवड करायची म्हणजे आपलं माणूस कोण ते ठरवायचं. ती काटकसर कॅमेऱ्यात नव्हती हो, ती त्या बघण्यात होती. तुम्ही चोर बाजारातून कॅमेरा तेवढा उचलून आणलात.

आणखी एक दुःख आहे. फिल्म म्हणजे मुळात दोन टप्प्यांचं काम. फिल्मवरच्या चांदीच्या क्षारांवर प्रकाश पडतो, डेव्हलपरमध्ये त्यांची काळी चांदी होते, उरलेले क्षार हायपोत धुऊन जातात आणि हातात येतं ते निगेटिव्ह; तिथे गोरा माणूस काळा नि काळा गोरा. मग त्यातून पुन्हा प्रकाश सोडायचा, तो कागदावर पाडायचा आणि माणूस सुलटा करून घ्यायचा. त्या कागदासाठी हा सगळा खटाटोप. आमची हौशी मंडळी काय करतात? निगेटिव्ह स्कॅन करून मोबाइलवर घेतात आणि अंगठ्याने सरकवत दाखवतात. पुरण पाट्यावर वाटायचं आणि पोळी पाकिटातली आणायची, त्यातला हा प्रकार. कित्येकजण तर निगेटिव्ह परत न्यायला लॅबमध्ये फिरकतही नाहीत.

'आमच्यामुळे फिल्म जिवंत आहे' असं यावर उत्तर येतं. तेही मान्य. कोडॅकने 2012 च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी एक्टाक्रोम बंद करायचं ठरवलं, आणि हौशी लोकांच्या मागणीमुळे 2018 साली ती फिल्म पुन्हा बाजारात आली. पेंटॅक्सने तर 2024 साली नवा कोरा फिल्म कॅमेरा काढला, एका रोलवर 72 फोटो देणारा. आपल्याकडे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' फिल्म मात्र परत आली नाही. तेव्हा फिल्म जगवल्याबद्दल तुमचे आभार. पण जगवलीत ती कशासाठी? 72 दारांसाठी?

मी बँकेत नोकरी करतो, त्यामुळे माणसांचे चेहरे रोज बघतो. फॉर्मच्या कोपऱ्यात डिंकाने चिकटवलेले. गेलेल्या माणसाचं खातं बंद करायला कुणी येतं. मृत्यूचा दाखला, नॉमिनीची सही, सगळं आटोपतं, तरी तो माणूस काउंटरवरून हलत नाही. मग हळू आवाजात विचारतो, 'साहेब, आईच्या फॉर्मवरचा तो फोटो मिळेल का? झेरॉक्स चालेल. फ्रेम करायला हवाय.' हे मी एकदा नाही, कितीतरी वेळा ऐकलंय. त्याच्या खिशातल्या मोबाइलमध्ये हजारो फोटो असतात. त्यांत आई असते ती अर्धी, केकच्या पलीकडे, हलत्या हाताने ताटल्या पुढे करणारी. घरच्या अल्बममध्ये असते ती लग्नाच्या ग्रुप फोटोत चौथ्या रांगेत, वाटाण्याएवढी. सरळ समोर बघणारी, तिच्यासाठीच काढलेली एकच छबी, ती बँकेच्या फॉर्मवर. आणि फॉर्म बँकेचा, तो देता येत नाही.

म्हणून, गळ्यात किलोभराचा कॅमेरा अडकवून फिरणाऱ्या सज्जनांनो, माझी मागणी साधी आहे. पुढच्या रोलमध्ये 36 पैकी निदान 6 फोटो माणसांचे घ्या, सत्तरी ओलांडलेल्या. तुमच्या कॅमेऱ्याला फोकस जुळवायला वेळ लागतो ना? फार उत्तम. तेवढा वेळ कुणीतरी आपल्याकडे नीट बघतंय, हे सुख त्यांना पुष्कळ दिवसांत मिळालेलं नसतं. आजी केस सारखे करतील, पदर नीट घेतील, 'माझा कसला मेला फोटो काढतोस' म्हणत ताठ बसतील. खटका दाबा. मग तो फोटो कागदावर छापून घ्या, पाठीवर मऊ पेन्सिलीने नाव आणि साल घाला आणि त्यांच्या हातात द्या. दाखवू नका, द्या. आणि त्याच बैठकीत घरातले जुने फोटो काढून त्यांतली माणसं कोण कोण ते विचारून लिहून ठेवा. कारण चौथ्या रांगेतल्या वाटाण्यांची नावं सांगू शकणारी त्या घरात बहुधा एवढी एकच व्यक्ती उरलेली असते.

नावाखाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'कॅमेरा : याशिका' असं लिहिलंत, तरी माझी हरकत नाही. हौसेला मोल नसतं. उरलेल्या 30 फोटोंत खुशाल दारं काढा. दारांची घाई नाही. ती पुढच्या वर्षीही तिथेच, तशीच, कुलूप लावून उभी असणार आहेत.