गोवरवर अंगारा नको, लस हवी!

नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईतील गोवंडीत गोवरची साथ पसरली. मालेगाव, भिवंडीतही मुले तापाने फणफणली. काही चिमुकली दगावली. साथीचा तडाखा बसला तो दहा बाय दहाच्या खोल्यांत राहणाऱ्या कष्टकऱ्यांच्या लेकरांना. गोवरच्या विषाणूला जात कळत नाही. पण दाटीवाटी, कुपोषण आणि चुकलेली लस यांचा माग तो बरोबर काढतो. या तिन्ही गोष्टी आपल्याच वस्त्यांच्या वाट्याला का येतात, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

मात्र व्यवस्थेला दोष देऊन आपली जबाबदारी संपत नाही. अंगावर पुरळ उठले की 'देवी आली' म्हणून कडुनिंबाचा पाला टांगायचा, घरात फोडणी बंद करायची, लेकराला अर्धपोटी ठेवायचे आणि दवाखाना टाळायचा, हा प्रकार आजही अनेक घरांत चालतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या घेतलेल्या घरात रोगाची देवी शिरतेच कशी? ज्या रोगालाच आपण 'देवी' म्हणत होतो, तो नवसाने गेला नाही. लसीने गेला. १९७५ नंतर भारतात आणि १९८० पर्यंत साऱ्या जगातून तो हद्दपार झाला. यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

गोवरची सुरुवात ताप, खोकला, वाहते नाक आणि लाल डोळ्यांनी होते. तीन-चार दिवसांनी पुरळ चेहऱ्यावर उठून खाली पसरते. पुरळाआधी चार दिवस व नंतर चार दिवस मूल इतरांना रोग देऊ शकते. म्हणून त्याला शाळा-अंगणवाडीत पाठवू नये. तान्ही बाळे, गरोदर बाया आणि लस न घेतलेली मुले यांच्यापासून शक्य तितके दूर ठेवावे. खोलीत हवा खेळती ठेवावी.

मूल डॉक्टरांना दाखवावे. 'अ' जीवनसत्त्वाचे डोस वयानुसार, लागोपाठ दोन दिवस द्यावे लागतात. डोळे वाचवण्यासाठी ते फार मोलाचे आहेत. तापाचे औषध डॉक्टर सांगतील त्याच प्रमाणात द्यावे. अॅस्पिरिन देऊ नये. अंगावरचे दूध बंद करू नये. पेज, वरण-भात, पाणी थोडे थोडे पण वारंवार द्यावे. जुलाब झाले तर जलसंजीवनी द्यावी. डोळे उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसावेत. श्वास जोरात चालणे, पाणीही न पिणे, झटके, सुस्ती, बुबुळ पांढुरके दिसणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. गोवरात मुले बहुधा न्यूमोनिया आणि जुलाबाने दगावतात. तेथे अंगारा कामाचा नाही.

आणि मुळात लस! पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. सरकारी केंद्रात दोन्ही मोफत आहेत. राहिले असतील तर पाच वर्षांपर्यंतही देता येतात.

पण ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर गेलेल्या माउलीने लसीची तारीख कशी पाळायची? तिला अडाणी ठरवणे सोपे आहे. लस तिच्या पालापर्यंत नेणे हे सरकारचे काम आहे. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य असल्याचे संविधानाचे कलम ४७ सांगते. ते कर्तव्य आपण हक्काने मागितले पाहिजे.

सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगमध्ये आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या आणि त्याच साथीत त्यांनी प्राण सोडला. बाबासाहेब आणि माता रमाईंनी चार लेकरे लहानपणीच गमावली. हे दुःख ज्यांच्या घराण्याचा इतिहास आहे, त्या समाजाने लसीअभावी एकही मूल गमावता कामा नये. प्रत्येक बुद्धविहारात वस्तीतील पाच वर्षांखालील मुलांची यादी करा. कोणाचा डोस राहिला ते पाहा आणि आशाताईला बोलावून घ्या. जयंतीची वर्गणी घरोघर फिरून गोळा करणाऱ्या तरुणांना हे अवघड नाही!