पाकिटावरचा पक्षी कुणाचा?

मैत्रिणींनो, हल्ली कॉफीची पाकिटं नीट बघितलीत का? पूर्वी त्यांच्यावर वाफाळता कप नि चार बिया असायच्या. आता चित्रकारांकडून खास फुलं-पक्षी काढून घेतात. पाकीट रिकामं झालं तरी टाकवत नाही, मी तर त्यात जिरं-मोहरी भरून ठेवते!

आमच्या गावातली एक मुलगी सिरॅमिकची भांडी करते. तिच्या थाळीवरचा निळा पक्षी एका प्रदर्शनात कॉफीच्या व्यापाऱ्याला आवडला. त्याने पाच हजार हातावर ठेवले आणि पाकिटावर पक्षी छापला. कागद ना पत्र, सगळं तोंडी. दिवाळीत तोच पक्षी कॅलेंडरवर दिसला, मग कापडी पिशवीवर. हिचं नाव कुठेच नाही. "जाऊ दे गं, पैसे मिळाले ना," असं तिची आईच म्हणाली. मला काही ते पटेना.

त्या निळ्या रंगाची गंमत ऐका. कोबाल्ट ऑक्साईडची पूड असते काळी. थाळीवर काढताना पक्षी काळपटच दिसतो. सुमारे 1200 अंशांच्या भट्टीतून बाहेर आला की निळा. कितीदा तरी थाळ्या तडकल्या तेव्हा तिला ती छटा जमली. पाच हजारांत हे सगळं बसलं का?

कायदा काय म्हणतो, ते वकिलांकडे बसून समजून घेतलं. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार आपण आपल्या मनाने काढलेलं चित्र आपलं. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सहीनिशी. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे थाळीवरचा पक्षी अजून हिचाच! पण पैसे देऊन मुद्दाम काढून घेतलेलं चित्र, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचं होतं. बायका नेमक्या इथेच फसतात, कारण ऑर्डर मिळाल्याच्या आनंदात कागद कोण मागतं? कपबशीवरच्या नक्षीचं तर आणखी वेगळं. ती डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी असून नोंदवली नाही, तर कारखान्यात पन्नासहून जास्त नग निघाल्यावर त्यावरचा कॉपीराइटच संपतो.

एक हक्क मात्र चित्र विकल्यावरही राहतो. "हे मी काढलं" असं म्हणण्याचा. कलम 57 लक्षात ठेवा.

नाव छापल्याने माल खपत नाही, हे खोटं आहे. इटलीतली इली ही कॉफी कंपनी 1992पासून नामवंत कलावंतांकडून कप रंगवून घेते. त्या कपांवर कलावंताची सही असते, आणि लोक ते कप हौसेने जमवतात. आपल्याकडे चिखलदऱ्याला कॉफी पिकते. उद्या तिथल्या पाकिटावर कोरकू बाईचं चित्र आलं, तर खाली तिचं नाव नको?

आम्ही दोघींनी व्यापाऱ्याला पत्र लिहिलं. तो माणूस वाईट नाही हो, त्यालाही हे ठाऊक नव्हतं. पुढच्या छपाईत नाव घालतो म्हणाला. कॅलेंडर-पिशव्यांच्या पैशांबद्दल मात्र "बघू" म्हणालाय. आता त्याला नवीन पक्षी हवा आहे. या वेळी मुलीने ब्रश हातात घेण्याआधी स्टॅम्पपेपर आणलाय.